पांढरी वायर

माझी बायको म्हणते, मी पंगतीत बसलो तरी आधी मान वळवून बघतो, वाढपी जिलेबी कुठल्या टोकाकडून वाढायला घेतोय ते. खरं आहे. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी हसत हसत हातात दिली की मी ती तिथंच सोडतो आणि आतली पानं बघतो. स्वभाव जन्माचा असेल, पण तो पोसला माझ्या धंद्यानं. मी बीडला राहतो आणि दवाखाने, पतसंस्था, जिनिंग मिल असल्या ठिकाणची कॉम्प्युटरं सांभाळतो. बंद पडलेलं मशीन काही बोलत नाही, आणि त्याच्याभोवतीची माणसं बोलतात त्यातलं निम्मं खोटं असतं. ‘आम्ही काहीच केलं नाही, आपोआप झालं,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघतो.

परळीत एक्स-रे आणि स्कॅनचं एक सेंटर आहे. नाव सांगत नाही. मालक मोठ्या शेतकरी घरातले, जमीन भरपूर, शिवाय वीटभट्ट्या, आणि निवडणूक आली की पुढाऱ्याच्या गाडीत पुढची सीट ठरलेली. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणतो. तात्यांचा नंबर अठरा. एक आणि आठ नऊ होतात म्हणून. जीपचा नंबर अठरा, बुलेटचा अठरा, मोबाईलच्या शेवटी अठरा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरसुद्धा पिवळ्या रंगात अठरा. आमच्या जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. मोठ्या घरची गाडी लांबूनच नंबरावरून ओळखू यावी आणि लोकांनी बाजूला व्हावं, एवढीच त्यामागची इच्छा. सेंटरची कॉम्प्युटरं माझ्याआधी ज्यानं जोडली, त्यानं तात्यांना खूश करायला आतल्या खोलीतल्या साठवणीच्या डब्यालाही नेटवर्कवर अठराच नंबर दिला होता. काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ते बघितलं, हसलो आणि तसंच राहू दिलं.

या डब्याचं काम सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. परळीत छातीचा फोटो काढायला लोक रोज येतात. एक्स-रेला इकडे फोटोच म्हणतात. खोकणारे म्हातारे असतात, औष्णिक केंद्राची राख वर्षानुवर्षं नाकातोंडात गेलेले असतात, ट्रॅक्टरवरून पडलेले असतात. आत फोटो निघाला की काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधला एक प्रोग्रॅम तो उचलतो, वायरीतून आतल्या डब्यात ठेवतो आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे पाठवतो. ते बघून सांगतात, तोवर पेशंट बाकावर बसतो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला तो डबा आपल्याच पोटातला वाटतो. तो आतल्या खोलीत आहे, मध्ये वायर आहे, वायर तुटू शकते, हे त्याच्या गावीही नसतं.

गेल्या पावसाळ्यात हा प्रोग्रॅम अडकायला लागला. नुसता बंद पडला असता तर मी दोन मिनिटांत परत चालू केला असता, तेही बीडमधून, घरच्या खुर्चीवर बसून. हा अडकायचा. पडद्यावर अर्धा फोटो, आणि पुढं काही नाही. मी बीडवरून त्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचो आणि प्रोग्रॅमला मरायचा हुकूम द्यायचो. आधी सौम्य हुकूम, मग नऊ नंबरचा. नऊ नंबरचा म्हणजे शेवटचा. त्याच्यापुढं कुणी वाद घालत नाही. हा घालत होता. नव्या मशीनवर असं अडकलं तरी नऊ नंबर बऱ्याचदा लागू पडतो, पण इथं मशीन जुनं होतं आणि यादीत त्या प्रोग्रॅमपुढं एकच अक्षर येऊन बसायचं. त्याचा अर्थ, गाढ झोप, उठवू नये.

घरी बायकोला मी हे असं समजावलं होतं. तहसीलच्या खिडकीत एकानं कागद आत सरकवलाय, आणि हात अजून आतच आहे. खिडकीतला बाबू उठून गेलाय. मागून तुम्ही कितीही ओरडा, घरी चल, पोलीस बोलावतो, त्याला सगळं ऐकू येतं, पण कागद परत हातात पडल्याशिवाय तो हलणार नाही. बाबू आला, कागद मिळाला, की मग त्याला तुमचं ओरडणं आठवतं आणि तो त्याच पावली निघतो. बायको म्हणाली, मग त्या बिचाऱ्याला कशाला मारताय, बाबूला शोधा. ती माझ्या कामात लक्ष घालत नाही, पण बोलली बरोबर. बाबू म्हणजे आतला डबा. तो मध्येच उत्तर द्यायचं थांबवत होता. का थांबवत होता, हा प्रश्न.

मी आधी राखेवर संशय घेतला. परळीत काहीही बिघडलं की पहिला संशय राखेवर, आणि बहुतेक वेळा तो खरा निघतो. ती दाराच्या फटीतून येते, पंख्यावर बसते, वायरींवर बसते. मी जाऊन डबा उघडला, साफ केला, सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात ती पेटीही साफ केली. तीन-चार दिवस बरे गेले असं वाटलं, आणि परत फोन आला.

फोन करायची ती काउंटरवरची बाई. मी तिला ताई म्हणायचो. दहावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, सिरसाळ्याजवळच्या एका खेड्यातली. सकाळची पाळी तिची, दुपारची तात्यांच्या पुतण्याची. पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा पिताना तिनं आपण होऊन सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून ती आणि नवरा दरवर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, पश्चिमेकडच्या कारखान्यांवर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी टोळीत मोजणी. मुलगी आठवीत गेली तसं तिनं हे काम धरलं आणि नवऱ्यानं परळी स्टेशनवर हमाली.

“हे काम गेलं तर कोयता हाय सर,” ती म्हणाली होती. “आन कोयता म्हंजे पोरगीची शाळा संपली. एक तर आमच्यासंगं पालात, न्हाई तर तिचं लगीन लावून द्या म्हनतेल घरचे.”

तिनं हे रडून सांगितलं नाही, आणि त्यामुळेच मला थोडा संशय आला. माझा स्वभाव असा वाईट. मला वाटलं, मशीन बिघडायच्या आधीच ही कोर्टात बाजू मांडल्यासारखी का बोलतेय? पाणी कुठंतरी मुरतंय.

मग मी मशीनमधल्या नोंदी काढल्या. असलं मशीन आपली तक्रार स्वतःच लिहून ठेवतं: डबा उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. आणि नंतर कधीतरी: डबा ठीक आहे. मी या दोन ओळींमधला वेळ लावून बघितला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. अडकायचं ते नेहमी सकाळी, तिच्या पाळीत. सुटायचं ते दुपारी, ती उठून पुतण्या बसला की लगेच. मी सकाळी दिलेला नऊ नंबरचा हुकूम तोवर तसाच लटकत राहायचा आणि तिनं उंबरा ओलांडला की प्रोग्रॅम मरून पडायचा. मध्ये मुलगी आजारी म्हणून ती काही दिवस रजेवर होती, सकाळी पण पुतण्याच बसत होता. मी राख साफ केल्यानंतरचे बरे दिवस ते हेच; त्या दिवसांत एकही तक्रार नाही. ती परत आली त्या दिवशीच पुन्हा अडकलं.

यंत्राला माणूस ओळखू येत नाही, हे मला समजतं. पण माणसाला यंत्र कुठं दाबायचं ते समजतं.

आणखी एक गोष्ट होती. एकदा मला बीडहून निघता येईना, तेव्हा मी फोनवर तिला म्हणालो, “ताई, कॉम्प्युटरच्या मागं बटन आहे, ते दाबून धरा. बंद होईल, मग चालू करा. बाकी मी बघतो.”

“मी हात लावनार न्हाई सर. तुमी या.”

“अहो, साधं बटन आहे.”

“आसू द्या. तुमीच या.”

एवढं सोपं काम, पेशंट समोर ताटकळतायत, आणि ही नाही म्हणते. चूक पकडली जाईल अशी भीती असलेला माणूस वस्तूला हात लावत नाही, असं मला तेव्हा वाटलं. पण मी कुणाला सांगितलं नाही, मनातच ठेवलं.

तात्या मात्र मनात ठेवणारे नव्हते. रस्त्याच्या पलीकडे दुसरं एक सेंटर आहे. इकडे प्रोग्रॅम अडकला की बाकावरचे लोक थोडा वेळ बसायचे, मग कुणीतरी म्हणायचं, ह्यांचं मशीन मुद्दाम बंद ठेवतेत, आणि उठून पलीकडे जायचं. तात्या आपल्या केबिनच्या काचेतून हे बघायचे आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

“तिचं तिकडच्याशी काय तरी हाय,” एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं. “पेशंट गेलं की हिला तिकडून काय तरी मिळत आसंल. न्हाई तर कावून आशी बसती? मशीन अडकलं की हालत न्हाई, बोलत न्हाई. टेबलावर हात ठिवून नुसती बसती. मी बघतो ना रोज.”

“काचेतून काउंटर दिसतं इथून?”

“दिसतं मला सगळं,” तात्या म्हणाले. मी मान वळवून बघितलं. केबिनच्या काचेतून बाक दिसत होते आणि रस्ता. काउंटर खांबाच्या आड होतं. मी ते बघितलं आणि विसरलो. दुसऱ्याच्या बोलण्यातलं निम्मं खोटं धरायचं म्हटल्यावर त्यातलं खरं काय ते ओळखायची सवय राहत नाही.

मग तात्यांनी पुढचं सांगितलं. सोमवारी ते तिच्या नवऱ्याला बोलावणार होते. त्याच्यासमोर मी सांगायचं, की मशीनमध्ये दोष नाही, ही बाई करते. “तुमी शिकलेले मानूस, तुमचं ऐकतेल. मी बोललो तर गरिबाच्या बाईला काढली म्हनून गावभर होईल. तुमी बोलले की मिटलं. घेऊन जाईल तो तिला.”

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. म्हणालो, एकदा सकाळी येऊन डोळ्यांनी बघतो. माझ्याकडे नोंदी होत्या, वेळा होत्या, रजेचे दिवस होते. पण हात सापडला नव्हता. हातानं काय केलं ते दाखवता आलं नाही तर माझ्या धंद्यात पुराव्याला काही किंमत नसते. आणि खरं सांगायचं तर तात्यांनी मला पुढं करून आपले हात स्वच्छ ठेवायचे, याचा मला रागही आला होता.

सोमवारी मी कुणाला न कळवता सकाळीच निघालो, वडवणी, तेलगाव करत. सिरसाळ्यात बाजारासाठी आलेल्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, तिथं चहा घेतला. सेंटरवर पोचलो तर ताई नुकतीच आली होती, तात्यांचा पत्ता नव्हता. मी काउंटरच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो आणि माझा लॅपटॉप उघडला. तिला म्हणालो, तुमचं चालू द्या, मी आपला बसलोय.

फोटो येत होते, जात होते. एका म्हातारीचा हात, एका पोलिसाची छाती. सगळं सुरळीत. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

थोड्या वेळानं बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. तात्या आत आले, देव्हाऱ्यापुढं उदबत्ती लावली, केबिनमध्ये गेले. त्यांच्यामागून एक माणूस आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नव्या चपला. तो बाकाच्या अगदी टोकाला बसला. ताईनं त्याच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला कळलं, हा नवरा. त्याला कशासाठी बोलावलंय ते त्यानं तिला विचारलं नसावं आणि तिनंही सांगितलं नसावं, पण दोघांनाही कळलेलं होतं.

आणि प्रोग्रॅम अडकला.

मी तिच्या हातांकडेच बघत होतो. तिनं काही दाबलं नव्हतं. एका पोराच्या पायाचा फोटो पडद्यावर अर्धा आला आणि थांबला. तिनं माऊस सोडला, दोन्ही हात उचलले आणि काउंटरच्या काचेवर पालथे ठेवले, बोटं पसरून. मग तशीच बसली. तात्या म्हणाले होते अगदी तशी.

“काय झालं ताई?”

“आडकलं.”

“तुम्ही काय केलं?”

“तुमी बघत हुता की,” ती म्हणाली.

मी नऊ नंबरचा हुकूम दिला. लागू पडला नाही. मग मी नेटवर्कवरून अठरा नंबरला साधी हाक मारली, आहेस का? उत्तर आलं, आहे. परत मारली, परत आलं. आता मात्र मी सरसावून बसलो. डबा मेला असता तर हाकेला उत्तर आलं नसतं. जिवंत असेल तर फोटो का घेत नाही? हाकेला ओ देतोय पण काम करत नाही, म्हणजे ओ देणारा भलताच कुणीतरी असावा.

प्रत्येक यंत्राला कारखान्यातून निघताना एक कायमचा क्रमांक मिळतो. आपण दिलेला नंबर बदलता येतो, हा सहसा बदलत नाही. अठरा म्हणून ओ देणाऱ्याचा तो क्रमांक मी काढला आणि आत जाऊन डब्याच्या पाठीवरच्या चिकटपट्टीशी ताडून बघितला. जुळेना. या इमारतीत दुसरं कुणीतरी अठरा होऊन बसलं होतं.

माझा संशय धावत पुन्हा तिच्याकडेच गेला. मी बाहेर येऊन म्हणालो, “ताई, तुमचा फोन बघू.” तिनं मुकाट्यानं दिला. साधा फोन, इथल्या वायफायला जोडलेलाही नव्हता. “पिशवीत काय आहे?” तिनं पिशवी उलटी केली. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, मुलीच्या चपलेचा फाटलेला पट्टा, शिवायला आणलेला. बाकावरची माणसं बघत होती. नवरा बघत होता. तिनं पिशवी परत भरली आणि हात पुन्हा काचेवर ठेवले. मला माझाच राग आला, पण थांबण्याएवढा नाही.

मी वायरींच्या पेटीपाशी गेलो. भिंतीवर लावलेली लहानशी पेटी, तिच्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात. मी साफ केली होती ती पेटी. वायरी मी पुसल्या नव्हत्या, इतक्या लांबच लांब वायरी कोण पुसणार? त्या सगळ्या राखाडी झालेल्या. पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या, कोणत्याही रंगाच्या असोत, परळीत दोन वर्षांत राखाडी होतात. त्यांच्यात एक वायर पांढरी होती. अजून पांढरी. म्हणजे नवी, आणि मी लावलेली नव्हे. ती पेटीतून निघून भिंतीवरून सरळ छतात शिरत होती.

मी ती उपसली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग काउंटरवरून ताईचा आवाज आला, “सर, गेलं.” प्रोग्रॅम मेला होता. खिडकीतला बाबू परत आला, कागद मिळाला, आणि लटकलेला नऊ नंबरचा हुकूम लागू झाला. त्याच क्षणी केबिनमधून तात्या ओरडले, “काय केलं बे कुनी? दिसायचं बंद झालं.”

मी वायर हातात धरूनच केबिनमध्ये गेलो. तात्यांच्या हातात मोबाईल होता, पडदा काळा. त्यांच्या खुर्चीशेजारच्या बोर्डावर एक बटन चालू होतं आणि त्याच्यावर टेप लावून अठरा लिहिलं होतं.

“कॅमेरा आहे का तात्या?”

त्यांनी मोबाईल खिशात घातला. मग म्हणाले, “दार लावा.”

मी दार लावलं. कॅमेरा काउंटरच्या बरोबर वर होता, छताला, धूर ओळखायच्या गोल डबीच्या रूपात. ही बाई कामावर लागली आणि पंधरवड्यात तात्यांनी तो बसवून घेतला होता. “घरचं मानूस न्हाई, म्हनून,” ते म्हणाले. सकाळी ते आले की बटन चालू करायचे. दुपारी पुतण्या बसला की बंद. “घरच्या पोरावर कावून ठिवायचा?” आणि ती रजेवर होती तेव्हा? तेव्हा चालू करायचं कारणच नव्हतं. लावणाऱ्यानं विचारलं होतं, नंबर कोणता देऊ? तात्या म्हणाले होते, आपलाच.

रस्त्यावर अठरा नंबरच्या कितीही गाड्या चालतात, कारण मागची-पुढची अक्षरं वेगळी असतात. नेटवर्कवर तसं चालत नाही. बटन चालू झालं की कॅमेरा उठून सांगायचा, अठरा मी. काउंटरवरचा कॉम्प्युटर त्याचं ऐकायचा आणि फोटो डब्याऐवजी कॅमेऱ्याकडे धरून बसायचा. कॅमेऱ्याला त्या फोटोचं काय करायचं ते माहीत नाही. तो हाकेला फक्त ओ देणार. बटन बंद झालं की खरा अठरा परत यायचा आणि सगळं सुटायचं.

मी हे तात्यांना एकदा सांगितलं, त्यांना पटलं नाही. मग मी वायर परत लावली आणि म्हणालो, तुम्हीच करा. त्यांनी बटन बंद केलं, मी प्रोग्रॅम परत चालू केला, पोराचा अडकलेला पाय गेला संभाजीनगरला. बटन चालू केलं, पुढचा फोटो अर्ध्यात अडकला. बंद केलं, सुटला. तात्यांनी बटनावरचं बोट काढलं आणि रुमालानं पुसलं.

“तात्या,” मी म्हणालो, “ती बाई इतके दिवस काहीच करत नव्हती. पलीकडे गेलेले सगळे पेशंट या बटनानं घालवले.”

“मला काय माहीत? मी काय विंजिनेर हाय?”

“मग नवऱ्याला काय सांगायचं?”

तात्या उठले. बाहेर गेले. मीही मागून गेलो. नवरा बाकावरून उठून उभा राहिला. तात्या त्याला म्हणाले, “मशीनमधी बिघाड हुता. सापडला. जा तू कामावर.” एवढंच. नवऱ्यानं हात जोडले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि नव्या चपलांचा आवाज करत बाहेर गेला. ताईकडे तात्यांनी बघितलंही नाही. मला वाटलं होतं, निदान एक वाक्य तिलाही मिळेल. मिळालं नाही, आणि तिनं वाट बघितल्यासारखंही दिसलं नाही.

केबिनमध्ये परत आल्यावर तात्या म्हणाले, “नंबर बदला आन मिटवा. तिला कॅमेऱ्याचं बोलायचं न्हाई.”

“कॅमेरा काढत नाही?”

“काढायचा कावून? नंबराची भानगड हुती, नंबर बदला.”

“ठीक आहे. कॅमेऱ्याला एकोणीस देतो, पाच मिनिटांचं काम आहे.”

तात्यांनी विचार केला. खरंच विचार केला, हनुवटीला हात लावून. “न्हाई. कॅमेरा माझा हाय, त्याला आठराच राहू द्या. डब्याचा बदला.”

डब्याचा बदलायचा म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन बदलायचा. मी लॅपटॉप उघडला. तेवढ्यासाठी वाद घातला असता तर मी त्यांच्या काचेवर काहीतरी फेकून मारलं असतं. सगळ्या कॉम्प्युटरांवर डब्याचा नवा नंबर घालून झाला तेव्हा ताईच्या पाळीचा थोडाच वेळ राहिला होता. मग कॅमेरा लावून बघितला. फोटो जात होते, कॅमेराही चालू होता, कुणी कुणाच्या आड येत नव्हतं. तात्यांनी खात्री करायला मोबाईल माझ्यापुढं धरला.

मी पहिल्यांदाच ते चित्र बघितलं. कॅमेरा बरोबर डोक्यावर, त्यामुळे चेहरा दिसतच नव्हता. केसांचा भांग दिसत होता, खांदे, कीबोर्ड, आणि हात. तेवढ्यात आतून टेक्निशियननं मशीन जरा थांबवलं, तसे ते दोन्ही हात उचलले गेले आणि काचेवर पालथे येऊन बसले, बोटं पसरून.

“बघा,” तात्या म्हणाले, “अजून तशीच बसती.”

मी सामान आवरून बाहेर आलो. काउंटरपाशी थांबलो. पिशवी उलटी करायला लावली होती मी, त्याबद्दल काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून जे डोक्यात होतं तेच विचारलं. खालच्या आवाजात.

“ताई, हात असे का ठेवता?”

तिनं वर बघितलं नाही. ओठही फारसे हलले नाहीत.

“वर ती गोल डबी हाय ना सर. लावायला आलता तो माझ्याच स्टुलावर उभा हुता. धुराची हाय म्हनला. सगळ्या सेंटरमधी धूर फकस्त माझ्याच डोक्यावर येनार हाय का?” ती थांबली. “पयल्या दिवसापासून ठाव हाय. मशीन आडकलं की मी हात वर काढून ठिवते. मी काय दाबलं न्हाई, काय उपटलं न्हाई, हे दिसू द्या त्यांना म्हनून.”

“म्हणून तुम्ही बटन दाबत नव्हता.”

“दाबलं आसतं तर तेच दाखवलं नसतं का तात्यांनी माझ्या नवऱ्याला?”

मी काचेवरच्या हातांकडे बघितलं. हे हात दिसावेत म्हणून ठेवलेले होते. तात्यांनी रोज बघितले, मी त्या सकाळी बघितले, आणि आम्ही दोघांनीही त्यात चोरीच बघितली.

“कॅमेरा काढला का सर?”

“नाही. तात्या नको म्हणाले. पण मशीन आता अडकणार नाही.”

“बरं झालं न्हाई काढला त्ये,” ती म्हणाली. “उद्या दुसरं काय आडकलं तर माझ्याकडं तेवढंच हाय.”

मागं पुतण्या आला, त्याची पाळी सुरू होत होती. केबिनमधून बटन बंद केल्याचा टक् आवाज आला. ताईनं तो ऐकला, आणि मग काचेवरचे हात उचलून पिशवी घेतली.